क्रिएटिनची भीती नको, भक्तीही नको

बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर, जोगेश्वरी ही वाळूज औद्योगिक वसाहतीच्या भोवती वसलेली कामगारांची वस्ती. १९८५ साली येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्या मागोमाग सुटे भाग बनविणारे लहान-मोठे कारखाने आले आणि जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलडाणा येथील भूमिहीन व अल्पभूधारक माणूस येथे कामाला आला. त्या पहिल्या पिढीने शरीर झिजवून पोट भरले. आज त्यांची मुले पहाटे मैदानावर पोलिस भरतीची तयारी करताना किंवा संध्याकाळी जिममध्ये घाम गाळताना दिसतात. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु या मुलांच्या सोबत घरात एक प्लास्टिकचा डबाही आला आहे, आणि त्या डब्यावरून घरोघरी वाद होत आहेत. त्या डब्यात असते क्रिएटिन नावाची पांढरी, बेचव पावडर.

या पावडरीबद्दल समाजात दोन मते ठाम आहेत. आई-वडील म्हणतात, याने किडनी जाते. जिममधला ट्रेनर म्हणतो, याच्याशिवाय बॉडी बनतच नाही. वास्तविक पाहता ही दोन्ही मते ऐकीव आहेत. पहिले मत भीतीतून आले आहे, तर दुसरे विक्रीतून. आपला पोरगा रोज काय पोटात घालतो याचा निर्णय ऐकीव गोष्टीवर सोडायचा काय, हा खरा प्रश्न आहे. म्हणून या विषयावर शास्त्र काय सांगते हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, क्रिएटिन हे कोणत्याही प्रयोगशाळेने शोधून काढलेले उत्तेजक द्रव्य नाही. १८३२ साली शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते मांसामध्ये शोधले. त्याचे नावच मुळी मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे. आपले यकृत आणि मूत्रपिंड मिळून रोज सुमारे १ ग्रॅम क्रिएटिन स्वतः तयार करतात. उरलेले मांस-मासळीतून मिळते. ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे १२० ग्रॅम क्रिएटिन असते आणि त्यापैकी ९५ टक्के स्नायूंत साठलेले असते. त्याचे काम काय? जड वजन उचलताना, गोळा फेकताना, १०० मीटर धावताना स्नायूला काही सेकंदांत प्रचंड ऊर्जा लागते. ती ऊर्जा ज्या रेणूतून मिळते तो क्षणात संपतो. त्याला पुन्हा भरून देण्याचे काम स्नायूतले क्रिएटिन करते. साठा जास्त असला तर असा जोर आणखी एक-दोन वेळा लावता येतो, त्यामुळे व्यायाम थोडा अधिक होतो आणि त्या अधिक व्यायामाने स्नायू वाढतो. म्हणजे स्नायू वाढतो तो व्यायामाने. नुसती पावडर खाऊन झोपणाऱ्याचा स्नायू वाढत नाही.

मग ही किडनीची भीती आली कोठून? तिचाही इतिहास आहे. १९९२ साली हॅरिस, सॉडरलुंड आणि हल्टमन या संशोधकांनी दाखवून दिले की, बाहेरून घेतलेले क्रिएटिन स्नायूंत साठते. त्यानंतर खेळाडूंमध्ये त्याचा प्रसार झाला. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर महिनाभरात मरण पावले आणि संशयाची सुई क्रिएटिनकडे वळली. चौकशीत वेगळेच उघड झाले. खालच्या वजनगटात बसण्यासाठी त्या मुलांनी पाणी तोडले होते, घाम बाहेर न सोडणारे सूट घालून तापलेल्या खोलीत व्यायाम केला होता. निर्जलीकरणाने आणि वाढलेल्या शरीर-तापमानाने त्यांचा बळी घेतला. पुढे १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका २५ वर्षांच्या तरुणाची हकीकत आली. क्रिएटिन घेतल्यावर त्याच्या मूत्रपिंडाचे काम मंदावले आणि ते बंद केल्यावर सुधारले. पण या तरुणाला मूत्रपिंडाचा आजार आधीपासून होता आणि त्यासाठी मूत्रपिंडावर परिणाम करणारे औषधही सुरू होते. या दोन्ही घटनांची बातमी जगभर गेली, मात्र त्यांचा खुलासा तेवढ्या वेगाने गेला नाही.

भीती टिकून राहण्याचे दुसरे कारण नावातल्या साम्यात आहे. स्नायूतले क्रिएटिन झिजून त्यातून क्रिएटिनिन नावाचा टाकाऊ पदार्थ बनतो व तो लघवीवाटे बाहेर पडतो. मूत्रपिंड बिघडले की तो रक्तात साचतो, म्हणून किडनीच्या तपासणीत डॉक्टर रक्तातील क्रिएटिनिन मोजतात. आता जो माणूस रोज क्रिएटिन घेतो, ज्याच्या अंगावर स्नायू जास्त आहेत, त्याच्या रक्तात हा पदार्थ मुळातच थोडा जास्त असतो. विहिरीत पाणी जास्त आले म्हणून पाटात जास्त दिसले, याचा अर्थ पाट फुटला असा होत नाही. पण रिपोर्टवर आकडा ठळक अक्षरात येतो आणि घरात रडारड सुरू होते. अशा वेळी डॉक्टरांना पावडरीची गोष्ट स्पष्ट सांगावी, ती काही आठवडे बंद ठेवून पुन्हा तपासणी करावी, लघवीतील प्रथिनांची तपासणी करावी आणि गरज वाटल्यास डॉक्टर सिस्टॅटिन-सी नावाची वेगळी रक्ततपासणी सुचवतील. या तपासणीवर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. दुर्दैवाने आपली मुले डॉक्टरांपासून पावडर लपवतात, आणि मग डॉक्टरचा अंदाज चुकतो.

आता पुरावा पाहू. १९९९ साली बेल्जियममधील संशोधकांनी अनेक महिने ते ५ वर्षे क्रिएटिन घेणाऱ्या खेळाडूंची मूत्रपिंडे तपासली आणि त्यांत बिघाड आढळला नाही. तो अभ्यास थोड्या लोकांवरचा होता, हे खरे. पण पुढे अमेरिका व कॅनडात कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या १७४१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. त्यांतील निम्म्यांना रोज १० ग्रॅम क्रिएटिन वर्षानुवर्षे देण्यात आले. २०१३ साली ही चाचणी थांबविण्यात आली, कारण रोगावर त्याचा काहीही उपयोग दिसला नाही. म्हणजे औषध म्हणून ते तेथे नापास झाले. पण जिममध्ये घेतात त्याच्या दुप्पट-तिप्पट मात्रा, तीही वयस्क आणि आजारी माणसांना, इतकी वर्षे देऊनही सुरक्षिततेची गंभीर अडचण समोर आली नाही, ही बाब आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००४ साली सांगितले की, शुद्ध क्रिएटिन रोज ३ ग्रॅमपर्यंत घेण्यात धोका संभवत नाही. क्रीडापोषणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली सगळे संशोधन एकत्र करून निरोगी माणसांत ते सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या बंदी घातलेल्या द्रव्यांच्या यादीतही ते नाही.

दुष्परिणाम काहीच नाहीत काय? आहेत, पण ते साधे आहेत. स्नायूंत पाणी धरले गेल्यामुळे सुरुवातीला एक-दोन किलो वजन वाढते. एकदम जास्त घेतल्यास पोट बिघडते. केस गळतात अशी जी ओरड आहे, ती २००९ साली दक्षिण आफ्रिकेतील थोड्या रग्बी खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासावर उभी आहे. त्यात एका संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले दिसले होते, केस कोणी मोजलेच नव्हते.

तेव्हा निरोगी प्रौढ माणसाने शुद्ध क्रिएटिन योग्य प्रमाणात घेतले तर त्याची किडनी जात नाही, हे आजच्या ज्ञानानुसार स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आई-वडिलांची माया समजू शकते, पण चुकीच्या गोष्टीची भीती घातली की पोरगा खऱ्या गोष्टीची भीतीही मनातून काढून टाकतो. आईने डबा फेकला तर तो दुसरा आणतो आणि लपवून ठेवतो. मग त्या डब्याशेजारी आणखी काय येऊन बसते, ते घरच्यांना कळतच नाही.

परंतु वरच्या वाक्यात तीन शब्द आहेत, 'निरोगी', 'शुद्ध' आणि 'योग्य प्रमाणात'. विकणारा हे तिन्ही शब्द गाळून उरलेले वाक्य विकतो. आपल्याला विचार करायचा आहे तो या तीन शब्दांचाच.

पहिला शब्द निरोगी. संशोधनात ज्यांना निरोगी म्हटले जाते, त्यांची आधी रक्त, लघवी, रक्तदाब अशी तपासणी झालेली असते. आपल्या वस्तीतल्या किती तरुणांचा रक्तदाब कधी मोजला गेला आहे? आजारी पडेपर्यंत दवाखान्याची पायरी चढायची नाही, ही गरिबीची शिस्त आहे. म्हणून पोरगा निरोगी दिसतो एवढेच आपल्याला माहीत असते, निरोगी आहे हे माहीत नसते. मूत्रपिंडाचा आजार सुरुवातीला दुखत नाही की खुपत नाही. ज्याच्या घरात मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचा आजार आहे, ज्याला एकच मूत्रपिंड आहे, ज्याला पूर्वी लघवीतून प्रथिने गेल्याचे निदान झाले आहे, त्याच्यासाठी वरचा निर्वाळा नाही. गरोदर स्त्रिया आणि १८ वर्षांखालील मुले यांच्यासाठीही तो नाही. विदर्भातील आपल्या बांधवांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथे अनुसूचित जाती व आदिवासी समाजात सिकल सेलचे प्रमाण लक्षणीय आहे. नुसते वाहक असलेल्यांनाही कडक उन्हात, पाण्याविना केलेला टोकाचा व्यायाम घातक ठरू शकतो आणि त्यांच्या मूत्रपिंडावरही परिणाम होऊ शकतो. क्रिएटिनचा विचार सोडाच, भरतीच्या तयारीला लागण्यापूर्वीच ही तपासणी करून घेतली पाहिजे.

याच संदर्भात कामगारांच्या किडनीचा खरा शत्रू कोण, हेही पाहिले पाहिजे. भट्टीजवळ, फोर्जिंगमध्ये, प्रेस शॉपमध्ये पाळी करायची, घाम भरपूर आणि पाणी पिण्याला फुरसत थोडी. त्यावर कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅकची गोळी घ्यायची, आणि पाळी संपल्यावर जिम किंवा मैदान गाठायचे. निर्जलीकरण आणि वेदनाशामक गोळ्या ही जोडी मूत्रपिंडाला घातक आहे, हे वैद्यकशास्त्र फार पूर्वीपासून सांगते. पण या गोळीला घरात कोणी विरोध करीत नाही, कारण ती गोळी कामावर जाऊ देते! बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखाना कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले गेले आणि १९४६ साली आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. त्यामागे कामगाराच्या शरीरालाही विसावा लागतो हा विचार होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाचे काम ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याच्या दुरुस्तीला मान्यता दिली. बारा तास उभे राहणाऱ्या तरुणाचा स्नायू पावडरीने नव्हे, झोपेने भरून येतो. ती झोप कोणत्या डब्यात मिळते?

दुसरा शब्द शुद्ध. ज्या युरोपीय संस्थेने ३ ग्रॅमला मान्यता दिली तिने ९९.९५ टक्के शुद्धतेची अट घातली होती. आपल्याकडे काय परिस्थिती आहे? २०२४ साली केरळमधील डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील २५ डब्यांवरील प्रथिनांचा आकडा आतल्या मालाशी जुळत नव्हता. काहींमध्ये बुरशीचे विष, तर काहींमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडले. ही तपासणी क्रिएटिनची नव्हती, हे नमूद केले पाहिजे. पण दुकान तेच, विक्रेता तोच आणि देखरेखही तीच. निव्वळ क्रिएटिनपेक्षा 'मास गेनर', 'प्री-वर्कआउट' अशा नावांनी विकली जाणारी मिश्रणे अधिक संशयास्पद असतात, कारण त्यांत नेमके काय आणि किती आहे हे घेणाऱ्याला कळत नाही.

महाराष्ट्राने याबाबत एक मोठी शोकांतिका पाहिली आहे. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१६ साली रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर उत्तेजक चाचणीत अडकला. त्याच्या नमुन्यात मेथॅनडिनोन हे स्टेरॉइड सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. देशातील संस्थेने ते मान्य केले, पण क्रीडा लवादाने अमान्य केले आणि ४ वर्षांची बंदी घातली. खरे-खोटे काही असो, एक गोष्ट निर्विवाद आहे की, पोटात काय जाते याचा हिशेब ज्याला ठेवता येत नाही त्याचे आयुष्यभराचे कष्ट एका नमुन्यात वाहून जाऊ शकतात. ऑलिम्पिकपर्यंत पोचलेल्या मल्लाची ही गत, मग बजाजनगरच्या गल्लीतल्या मुलाचे काय?

आणि येथेच खरा धोका आहे. क्रिएटिन हा बहुतेकांसाठी पहिला डबा असतो. महिनाभरात आरशात फरक दिसला नाही की तोच विकणारा पुढची पायरी दाखवतो. आधी गोळ्या, मग इंजेक्शन. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वाढविण्यासाठी वापरले जाणारे मेफेंटरमाइन हे इंजेक्शन जिममध्ये जाणाऱ्या तरुणांना बेकायदा विकले जात असल्याचे पुण्यासारख्या शहरांतील पोलिस कारवायांतून उघड झाले आहे. स्टेरॉइड, मेफेंटरमाइन आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या हृदय, यकृत, मूत्रपिंड आणि मन या सर्वांवर घाला घालतात. क्रिएटिनला या टोळीत बसवणे चुकीचे आहे, आणि या टोळीला क्रिएटिनच्या नावाने घरात येऊ देणे त्याहून चुकीचे आहे. म्हणून पालकांनी डब्यावर ओरडण्याऐवजी डबा वाचायला शिकावे. त्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे काय, बॅच क्रमांक व मुदत आहे काय, घटकांत 'क्रिएटिन मोनोहायड्रेट' एवढे एकच नाव आहे काय हे पाहावे. पक्के बिल घ्यावे. बिल नसेल तर तक्रारीला पुरावा नाही. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करता येते. सुईने टोचायची कोणतीही वस्तू मात्र जिममध्ये मिळाली तर तो व्यायामाचा नव्हे, पोलिसांचा विषय आहे.

तिसरा शब्द योग्य प्रमाण. रोज ३ ते ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, पुरेसे आहे. पहिल्या आठवड्यात रोज २० ग्रॅम घेण्याची जी पद्धत सांगितली जाते तिने साठा लवकर भरतो एवढेच. रोज ३ ग्रॅम घेतले तरी महिनाभरात तो तेवढाच भरतो, हे १९९६ सालीच सिद्ध झाले आहे. २५० ग्रॅमचा डबा ३ ग्रॅमच्या हिशेबाने ८३ दिवस पुरतो. तो महिन्यात संपवायला सांगणारा माणूस तुमच्या स्नायूंचा नव्हे, आपल्या गल्ल्याचा विचार करीत असतो. महागड्या नव्या प्रकारांचा साध्या मोनोहायड्रेटपेक्षा अधिक उपयोग होतो असेही दिसलेले नाही.

भरतीच्या मुलांनी तर आणखी एक हिशेब करावा. पोलिस शिपाई भरतीत मैदानी चाचणीचे ५० गुण आहेत. मुलांसाठी १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. क्रिएटिनचा थोडाफार उपयोग होईल तो शेवटच्या दोन प्रकारांत. १६०० मीटरला दम लागतो, तेथे वाढलेले एक-दोन किलो वजन आडवेच येईल. म्हणजे जिथे सर्वांत जास्त गुण आहेत तिथे हा डबा कामाचा नाही. आणि लेखी परीक्षेच्या १०० गुणांसाठी तर कोणतीच पावडर निघालेली नाही!

शेवटी अन्नाचा प्रश्न येतो, आणि तो आपल्याला टाळता येणार नाही. क्रिएटिन हा मांस-मासळीचा गुण आहे. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा तुलनेने कमी असतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. ज्या ताटाला या देशात शतकानुशतके हिणवले गेले, त्याच ताटातले द्रव्य आज चकचकीत डब्यात भरून, इंग्रजी नाव लावून सन्मानाने विकले जाते. हा काळाने घेतलेला सूडच म्हणायचा. अर्थात १ किलो कच्च्या मांसात ४-५ ग्रॅमच क्रिएटिन असते, तेव्हा नुसत्या खाण्यातून पावडरीएवढी मात्रा रोज मिळणार नाही आणि ती मिळालीच पाहिजे असेही नाही. पण प्रथिने, लोह आणि जीवनसत्त्वे यांचे काय? २०१५ साली राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली आणि गरिबाच्या आवाक्यातले एक मांस त्याच्या ताटातून गेले. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय २०२३ साली झाला. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी थांबवला आणि द्यायचे असेल तर लोकसहभागातून द्या असे सांगितले. ज्या मुलाला सातव्या वर्षी अंडे नाकारले, त्याला विसाव्या वर्षी बाजार डबा विकतो. यातला कोणता अन्याय मोठा, हे वाचकांनीच ठरवावे.

म्हणून वस्तीवस्तीतील मंडळांना आणि बुद्धविहारांच्या समित्यांना आमची विनंती आहे. जयंतीच्या वर्गणीतून वर्षातून एक दिवस तरुणांच्या तपासणीचे शिबिर घ्या. रक्तदाब, लघवीतील प्रथिने, रक्तातील क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन, एवढ्या चार गोष्टी पुरेत. घाटी रुग्णालयातील डॉक्टरांना बोलवा, समाजातले डॉक्टर तर आहेतच. त्यांच्यासमोर मुलांना मोकळेपणाने विचारू द्या. ज्यांचे कार्ड आहे त्या कामगारांनी कामगार राज्य विमा योजनेचा हक्काने उपयोग करावा, तो त्यांच्याच पगारातून कापलेला पैसा आहे. आणि घरातील ज्येष्ठांनी पोराला डबा लपवायला लावू नये. त्याच्या शेजारी बसून त्यावरची अक्षरे वाचावीत, पैसे कुठून आले ते विचारावे आणि सकाळच्या ताटात दोन उकडलेली अंडी, वाटीभर डाळ व उसळ पडते की नाही तेही पाहावे.

ताट भरले, झोप पुरी झाली, तपासणी झाली आणि त्यानंतरही हातात पैसे उरले, तर निरोगी तरुणाने चमचाभर क्रिएटिन खुशाल घ्यावे, त्याने काही बिघडत नाही. पण ताट रिकामे ठेवून डबा भरू नये. शरीर हेच आपल्या माणसाचे एकमेव भांडवल होते आणि अनेकांचे अजूनही तेच आहे. ते ऐकीव भीतीवर सोडता येणार नाही आणि विक्रेत्याच्या शब्दावर तर मुळीच नाही.